जांभळा शंख ओळखताना आधी ओठ पाहा

प्रश्न : जोराच्या वाऱ्यानंतर किनाऱ्यावर कागदासारखे पातळ जांभळे शंख मिळाले. एक 30 मिमीचा, शेंड्याकडे फिकट आणि तळाशी गडद. दोन जेमतेम 12 मिमीचे, सगळीकडून सारखेच जांभळे. हे लहान शंख म्हणजे मोठ्याचीच पिल्ले का?

उत्तर : मोठा शंख बहुधा जॅन्थिना जॅन्थिना या तरंगत्या समुद्री गोगलगायीचा आहे. बसका शेंडा, शेवटच्या वेढ्यावर बोथट कड आणि त्या कडेच्या आसपास बदलणारा रंग या तिच्या खुणा. (ही गोगलगाय बुडबुड्यांच्या तराफ्याला उलटी लटकते, म्हणजे गडद तळ आकाशाकडे असतो.) दुरंगीपणा आणि कड तिच्या लहान शंखांतही दिसते, त्यामुळे तुमचे एकरंगी शंख तिची पिल्ले नसावीत.

त्यांच्यासाठी रंग बाजूला ठेवा. उन्हात पडलेला शंख पार पांढुरका होतो. दसपट भिंग घ्या. शेंडा वर धरून शंख असा फिरवा की तोंडाचा बाहेरचा ओठ कडेने दिसेल. ओठाच्या मध्याजवळ इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल खाच असेल, तर तो जॅन्थिनाच्याच एक्झिग्वा किंवा अम्बिलिकाटा प्रजातीचा. एक्झिग्वाच्या अंगावर त्याच आकाराच्या उठावदार धारा एकामागे एक असतात. अम्बिलिकाटा बराच गुळगुळीत. खाच उथळ, शंख फुगीर आणि तोंडाची खालची बाजू दांड्यापाशी (शंखाच्या मधल्या खांबापाशी) टोकासारखी ओढलेली असेल, तर ग्लोबोसा. शंख गोल व फिका, तोंडाचा तळही गोलच आणि खाच नावापुरती, तर पॅलिडा. या दोन प्रजाती बऱ्याच मोठ्या होतात, म्हणून 12 मिमीचा नमुना त्यांचे पिल्लू असू शकतो. नुसत्या मापावर नाव ठरवू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो फुटक्या ओठामुळे. लाटांत ओठाचा टवका उडाला की खोटी खाच तयार होते, आणि खरी खाच असलेला ओठ पूर्ण झिजून सपाटही होतो. अशा वेळी वाढीच्या रेषा वाचा. शंख वाढतो तो ओठाच्या कडेला भर पडून. म्हणून प्रत्येक रेषा म्हणजे ओठाची जुनी कड. उजेड तिरपा पाडा आणि शेवटच्या वेढ्यावर ओठापासून थोडे मागे पाहा. रेषा मध्यावर मागच्या दिशेने टोकदार वळत असतील, तर खाच खरी. रेषा सरळ जात असतील आणि फक्त कडेला खड्डा असेल, तर तो टवका.

प्रश्न : याच शंखांत एक तपकिरी निघाला. तो रंग उडालेला जांभळाच का?

उत्तर : उडालेला जांभळा रंग पांढुरका होतो, तपकिरी नाही. शेंडा उंच असेल तर रेक्लुझिया असण्याची शक्यता मोठी. तीही बुडबुड्यांच्या तराफ्यावरच तरंगते.

प्रश्न : शंख साफ कसे करावेत? जुन्या पुस्तकांतली नावे वेगळी का दिसतात?

उत्तर : गोड्या पाण्यात बुडवून वाळू निघू द्या, मऊ कुंचला फिरवा, सावलीत वाळवा. ब्लीच नको, व्हिनेगर तर मुळीच नको: कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते, आणि आम्लाने आधी विरघळतात त्या रेषाच, ज्यांच्यावर ओळख अवलंबून आहे. ओठ चिमटीत धरू नका. डबीत कापूस ठेवा.

जुन्या पुस्तकांत ‘इयान्थिना’ असे लेखन आणि ग्लोबोसासाठी ‘प्रोलोंगाटा’ हे नाव सापडेल. या गोगलगायींचे पूर्वीचे वेगळे कुळ आता एपिटोनिडी कुळात धरतात. चिठ्ठीवर आजचे नाव, ठिकाण, तारीख लिहा. जिवंत नमुना तराफ्यासह मिळाला तर तराफ्याखाली अंड्यांच्या पिशव्या आहेत का तेही टिपा. जॅन्थिना जॅन्थिना त्या चिकटवत नाही, थेट डिंभक (अंड्यातून निघालेली अळीरूप पिल्ले) सोडते. पिशव्या दिसल्या की ही एक प्रजाती यादीतून गेली. प्राणी मात्र लवकर पाण्यात सोडा, आणि तराफा फाटू देऊ नका. तो गेला की गोगलगाय बुडते आणि पुन्हा वर येऊ शकत नाही.