‘अ‍ॅसेयर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: फ्रान्सिस बोयर मिलर या सिडनीच्या टांकसाळीतल्या माणसाचा परिचय मराठीत लिहायचा आहे. तो ‘अ‍ॅसेयर’ (धातू किती शुद्ध आहे हे तपासणारा) आणि ‘रिफायनर’ (धातू शुद्ध करणारा) होता. त्यासाठी ‘परीक्षक’ आणि ‘शुद्धीकारक’ चालतील का?

‘परीक्षक’ नको. तो शब्द आता उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांचा झाला आहे. या कामाला आपल्याकडे नेमका शब्द होता, पोतदार. आज तो आडनावापुरता उरला असला, तरी गावगाड्यातला पोतदार वसुलात आलेले नाणे खरे की खोटे, त्यात हीण किती, हे पाहून देई. अर्थात सिडनीतल्या इंग्रजाला पोतदार म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहील. तिथे मी ‘पारखी’ लिहीन.

पारखण्याच्या रीतीही शब्दांत जपलेल्या आहेत. कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासले की उमटते ती रेघ म्हणजे कस, त्यावरूनच हिणकस आणि बावनकशी. पण वरून मुलामा असेल तर रेघ फसवते. म्हणून तावायचे, म्हणजे तापवायचे, आणि सुलाखायचे, म्हणजे भोक पाडून आतला धातू पाहायचा. ‘तावून सुलाखून’ हा वाक्प्रचार इथूनच आला. टांकसाळीतला पारखी याहून पुढे जातो. तोललेला नमुना तो शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या वाटीत तापवतो. शिसे हलक्या प्रतीचे धातू घेऊन राखेत मुरते, चांदी तेजाबात विरघळते आणि उरलेले सोने पुन्हा तोलले जाते.

हे झाले पारखणे. त्याने फक्त नमुना खर्ची पडतो, लगडीतले हीण तसेच राहते. ते काढणे हे दुसरे काम, आणि मिलरचे नाव राहिले ते त्यामुळे. ऑस्ट्रेलियातल्या खाणींच्या सोन्यात चांदी मिसळलेली असे. मिलरने मुशीतल्या वितळलेल्या सोन्यातून मातीच्या नळीने क्लोरीन वायू सोडला. हलक्या प्रतीच्या धातूंची क्लोराइडे बरीचशी वाफ होऊन गेली, चांदीचे क्लोराइड वर तरंगले आणि खाली साधारण ९९.५ टक्के सोने राहिले. या रीतीचे पेटंट १८६७चे. पुढे १८७२ साली मेलबर्नची टांकसाळ उघडली, तिथेही त्याने काम केले. ही रीत आजही त्याच्याच नावाने चालते.

आता ‘रिफायनर’. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात धातू शुद्ध करण्याला ‘शोधन’ म्हणतात, त्यावरून ‘शोधक’ सुचेल. पण आज शोधक म्हणजे नवा शोध लावणारा, आणि मिलर तोही होता, त्यामुळे घोटाळा होईल. ‘झारेकरी’ही नको, तो सोनाराच्या दुकानातली धूळमाती धुऊन सोन्याचे कण मिळवणारा. ‘शुद्धीकारक’ चुकीचा नाही, पण बनवलेला वाटतो. इथे क्रियापदच बरे: ‘मिलर सिडनीच्या टांकसाळीत पारखी होता आणि सोने शुद्ध करण्याची नवी रीत त्याने काढली.’