नरीमन पॉइंटला भराव टाकण्याआधी काय होतं? नुसता समुद्रच ना?

'नुसता समुद्र' वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. नरीमन पॉइंटच्या एका ऑफिसात मी टायपिस्ट होते. आमचे एक साहेब नव्या माणसाला खिडकीशी नेऊन सांगायचे, "इथे काही म्हणजे काही नव्हतं." माझं माहेर कफ परेडच्या कोळीवाड्यातलं. मी मान खाली घालून टाइप करत राहायचे, पण आतून जळायचे.

ओहोटी लागली की माझी आजी खडपांवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, कालवं काढायला जायची. उकिडवं बसायचं, शिंपीच्या फटीत लोखंडी टोक घालायचं, मनगटाला हिसका द्यायचा, आतला गर डब्यात. बोटं कायम चिरलेली असायची, त्यांवर मीठपाणी. त्या डब्यावर घरचा बाजार व्हायचा. पुढे ट्रक येऊ लागले. दगड पडले, त्यावर माती पडली, खडपं गाडली गेली. आजी ससून डॉकला रोजावर कोळंबी सोलायला लागली. साहेबांचं 'काही नव्हतं' ते हे.

तारखांचं म्हणाल तर बॅकबे, म्हणजे मरीन ड्राइव्हसमोरचा उपसागर, भरायची पहिली कंपनी 1860च्या दशकातली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीत तिचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000वर गेला आणि 1865मध्ये ते युद्ध संपताच सगळं कोसळलं. मग 1920च्या दशकात गव्हर्नर लॉइडची योजना आली. 1,145 एकर भरायचे होते, जेमतेम 440 झाले. बंदरातला गाळ उपसून नळांनी समुद्रभिंतीच्या आत टाकायचे आणि तो भिंतीच्या फटींतून परत समुद्रात जायचा! पैसा जनतेचा. वकील खुर्शेद नरीमन यांनी हे चव्हाट्यावर आणलं, अब्रुनुकसानीचा खटला अंगावर घेतला आणि त्यातून निर्दोष सुटले. पॉइंटला नाव त्यांचंच आहे. मरीन ड्राइव्ह त्या काळच्या भरावावर. नरीमन पॉइंटचे आणि कफ परेडचे टॉवर मात्र स्वातंत्र्यानंतरच्या, साठ-सत्तरच्या दशकांतल्या भरावावर. म्हणून 'इंग्रजांनी मुंबई घडवली' हे पालुपद इथे तरी लावू नका. आमची खडपं आपल्याच सरकारनं बुजवली.

आजीची खडपं कफ परेडच्या बाजूची, अगदी पॉइंटच्या टोकाची नव्हेत, हे सांगायला हवं. आणि त्या ऑफिसच्या पगारावरच माझी मुलं शिकली, तेही खरं.

तरी साहेबांना तेव्हा मला जे बोलता आलं नाही ते तुम्हाला सांगते. भरावाचा नकाशा बघाल तेव्हा किनाऱ्यावर कोण राहत होतं ते आधी विचारा. कोस्टल रोडच्या वेळी वरळीचे कोळी 'होड्या जायच्या कुठून' म्हणून अडून बसले, तेव्हा कुठे पुलाच्या खांबांमधलं अंतर 60 मीटरचं 120 झालं.