नुसतं १०५ बघून सायकल घेऊ नका

प्रश्न: पहिलीच रोड बाईक घेतोय. दोन निवडल्यात, दोन्हींची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि किंमत जवळपास सारखीच. एकीवर शिमानो कंपनीचा १०५ हा गिअर-ब्रेकचा संच (ग्रुपसेट) आहे, ११ स्पीड, म्हणजे मागे ११ गिअर, दुसरीवर त्यांचाच टियाग्रा, १० स्पीड. १०५ वरच्या दर्जाचा म्हणून मित्र तीच घे म्हणतायत. काय करू? दोन्हींच्या स्पेक शीट सोबत पाठवतोय.

उत्तर: मित्र म्हणतात ते एका अर्थी बरोबर आहे, शिमानोच्या उतरंडीत खालून वर सोरा, मग टियाग्रा, मग १०५ असंच आहे. पण तुमच्या शीट मी दोनदा वाचल्या आणि पहिल्या सायकलला १०५चे फक्त शिफ्टर (गिअर बदलायचे लिव्हर) आणि डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आहेत, क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढची चक्रं), कॅसेट (मागची दातेरी चक्रं), चेन सगळं दुसरं, आणि ब्रेक केबलवर चालणारे डिस्क. हे बरेचदा असंच असतं, मागचा डिरेलर पटकन नजरेत भरतो म्हणून चांगला पार्ट तिथे लावायचा आणि बचत जिथे कोणी बघत नाही तिथे करायची. दुसरीला क्रँकपासून ब्रेकपर्यंत सगळं टियाग्राच आहे, आणि ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे.

ब्रेकचं मी एवढं का धरून बसलोय ते सांगतो. रोड बाईकला ब्रेक आणि गिअरचा लिव्हर एकच असतो, त्यामुळे उद्या केबलवरून हायड्रॉलिकवर जायचं म्हटलं की शिफ्टर, कॅलिपर (डिस्क पकडणारा भाग), होज (तेलाची नळी) सगळंच बदलावं लागतं, आणि तो खर्च ऐकून बहुतेक जण विचारच सोडून देतात. लांब उतारावर एका बोटाने सायकल आवरता येणं काय असतं हे एकदा अनुभवलं की माणूस परत केबलकडे वळत नाही.

अकरावा गिअर नसला म्हणून काही अडत नाही हो. चढावर सगळ्यात हलका गिअर कुठला ते बघा. पहिलीला पुढच्या चक्राला ३४ दाते, मागच्याला २८, म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाक साधारण सव्वा फेरी फिरणार, दुसरीला ३४ला ३४, फेरीला फेरी. नवीन माणसाला घाटात हा फरक गुडघ्यात कळतो.

चेन, कॅसेट, टायर झिजतातच, ते बदलताना वरचे घेता येतात. फ्रेम, फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग), अ‍ॅक्सल (चाकाचा आस), किती जाड टायर बसतो, हे मात्र जन्मभराचं. दुसरीत ३२ मिमी टायर बसतो, पहिली २८ला संपते. वजनात पहिली थोडी हलकी आहे, पण पहिल्यांदाच रोड बाईक घेणाऱ्याला त्याने फार काही फरक पडणार नाही.

माझा कौल दुसरीला, पण साइज बसला तरच. मी स्वतः एकदा ग्रुपसेटच्या नादात एक साइज मोठी घेतली, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आखूड केला, सीट पुढे सरकवली, तरी मान दुखायची ती दुखायचीच, शेवटी विकली. एम, एल या अक्षरांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा एम वेगळा, स्टॅक (फ्रेमची उंची) आणि रीच (फ्रेमची पुढची लांबी) यांचे आकडे जुळवा आणि दोन्ही निदान अर्धा तास चालवून बघा. आणि हो, पेडल बरेचदा सोबत मिळत नाहीत, तेवढे पैसे बाजूला ठेवा.