किट बदलू नकोस

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले गोंधळाचे गाणे ऐकले आणि त्यासोबतची ड्रमच्या प्रीसेटांची लांबलचक यादीही वाचली. यांतला कोणता प्रीसेट चांगला, असे तू विचारले आहेस, आणि मला चीड आहे ती याच प्रश्नाची. प्रीसेट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्याच गाण्यासाठी लावून ठेवलेले ईक्यू (खर्ज-तीव्र भाग कमीजास्त करणे), कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतले अंतर कमी करणे) आणि रिव्हर्ब (घुमारा). एकटा वाजवला की तो भव्य वाटतो, कारण ऐकताक्षणी भुरळ पडावी म्हणूनच तो तसा घडवलेला असतो. तुझ्या संबळाच्या शेजारी तो कसा बसेल, याचा विचार त्यात कोणी केलेला नाही.

म्हणून एकच किट, म्हणजे संगणकावर वाजणारा ड्रमच्या आवाजांचा संच, घे आणि ते बदलू नकोस. एमटी पॉवर ड्रमकिट फुकट मिळते, स्टीव्हन स्लेट ड्रम्सचीही मोफत आवृत्ती आहे. दोन्हींपैकी जे तुझ्या लॅपटॉपवर न अडखळता चालेल ते घे. सुपीरियर ड्रमर ३ मध्ये २३० जीबीहून अधिक कच्चे आवाज आहेत हे खरे, पण त्या ढिगातून निवडण्यातच तुझा पावसाळा निघून जाईल. क्रॅक केलेल्या प्रतीचे तर नावही काढू नकोस.

आता तुझ्या गाण्याकडे वळू. त्यात स्नेअरचा (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा) प्रत्येक ठोका ११८ व्हेलॉसिटीवर, म्हणजे जोराच्या एकाच आकड्यावर आहे. मिडीत, म्हणजे संगणकाला ठोके कळवणाऱ्या भाषेत, ती १२७ पर्यंत जाते, आणि चांगल्या सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हलक्या, मध्यम व जोरकस ठोक्यांची वेगवेगळी रेकॉर्डिंग भरलेली असतात. तू एकाच आकड्यावर अडून बसल्यामुळे डाउनलोड केलेले हलके ठोके एकदाही वाजलेले नाहीत. मधले दबके ठोके ३० ते ४५ च्या आसपास आण, जोराचे ११० वर ठेव, आणि मग किट निर्जीव वाटते का ते मला सांग. चाल सहा मात्रांची असताना ग्रिड, म्हणजे ठोके बसवायच्या रेघा, तू सोळांशावर ठेवले आहेस, त्यामुळे क्वांटाइझ करताच (ठोके त्या रेघांवर ओढताच) हाय-हॅटची झांजजोडी चालीवरून घसरली. ग्रिड ट्रिपलेटवर (मात्रेचे तीन भाग) घे आणि क्वांटाइझ पूर्ण शंभर टक्के लावू नकोस.

किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि संबळाचे खर्जाचे भांडे एकमेकांवर चढतात, म्हणून तू किक तीनदा बदललीस. अरे, बदलून काय होणार? तीच किक दोन स्वर खाली-वर करून पाहा, तिची शेपटी, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, आखूड कर, रिव्हर्ब पूर्ण काढ, आणि हे सारे संबळ चालू ठेवूनच ऐक. सोलोचे बटण दाबून, म्हणजे बाकी सारे बंद करून, घेतलेला निर्णय गाण्यात टिकत नाही. तबलजी दर गाण्याला तबला बदलत नाही, गट्टे ठोकून सूर जुळवतो.

माझ्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम एकसारखे वाजतात, असे इथले लोक म्हणतात. म्हणोत. त्या किटची स्नेअर कोणत्या आकड्यावर कुरकुरते आणि राइडची मोठी झांज कुठे कर्कश होते, हे मला झोपेतही सांगता येईल. नवे पॅक रोज आणणाऱ्यांना कालच्या पॅकची झांज आठवत नाही. हा हट्ट आहे असे म्हटलेस तरी माझी हरकत नाही.

एक सल मात्र आहे. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या गोंधळ्याचा हात रेकॉर्ड करायचा राहिला; पुढच्या नवरात्रात करू, पुढच्या नवरात्रात करू, असे म्हणता म्हणता ते गेले. तसा संबळ कोणत्याही कंपनीच्या पॅकमध्ये मिळणार नाही. तुझ्या गावातला वाजवणारा अजून हिंडता-फिरता आहे, तर त्याचा एकेक बोल चार वेगवेगळ्या जोरांत आणि प्रत्येक जोरात तीन-तीनदा उतरवून घे, कारण तोच ठोका लागोपाठ वाजला की मशीनगन ऐकू येते. पंखा आणि फ्रिज बंद ठेव (वीज गेली तर तेवढेच काम वाचले), आणि प्रत्येक ठोक्याचा नाद पूर्ण विरेपर्यंत त्याला पुढचा वाजवू देऊ नकोस. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या रीसॅम्पलोमॅटिक ५००० या सॅम्पलरमध्ये प्रत्येक नमुन्याला व्हेलॉसिटीची हद्द घालता येते, तेवढे पुरे.

हाताने वाजवून भरताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर ठेव, ४४.१ किलोहर्ट्झवर तो जेमतेम तीन मिलिसेकंदांचा होतो. मिक्स करताना १०२४ कर, म्हणजे लॅपटॉप धापा टाकणार नाही. किक, स्नेअर आणि ओव्हरहेड (किटच्या वर टांगलेल्या माइकांचा आवाज) वेगवेगळे, २४ बिटमध्ये मला पाठव. मास्टरवर, म्हणजे साऱ्या गाण्याच्या शेवटच्या ट्रॅकवर, लिमिटर (आवाजाची कमाल पातळी दाबून धरणारा) असेल तर आधीच काढून टाक.