नाळेतलं रक्त साठवायचं का? आमचा अनुभव

ताई, सातवा महिना लागलाय, दवाखान्यात एक माणूस नाळेतलं रक्त साठवा म्हणून मागे लागलाय आणि शनिवारपर्यंत सही केली तर सूट देतो म्हणतोय, हे वाचून पोटात गोळाच आला. २०१५ साली सोलापुरात असलंच चकचकीत माहितीपत्रक माझ्या हातात होतं. ‘बाळाचा जैविक विमा’, म्हणजे पुढे बाळ आजारी पडलं तर हेच रक्त कामी येणार. केली सही.

मुलगी आठ महिन्यांची असताना थॅलेसेमिया मेजर निघाला, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, सारखं रक्त चढवावं लागतं. घरात रडारड, पण मी आतून निवांत. आपली पिशवी आहे की बँकेत! इथंच घोडं पेंड खाल्लं. ऑफिसला फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. मग मेल करा. मग हप्ता थकलाय का बघतो. सात महिने! शेवटी करारातलं बारीक अक्षरातलं कलम दाखवलं: आनुवंशिक आजारात बाळाचं स्वतःचं रक्त चालत नाही.

अहो, चालणार कसं? आमचा चादरीचा माग आहे. जॅकार्डवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते, तिच्यावरून नक्षी उठते. पेशींचंही तसंच धरा. डीएनएची माळ सगळ्या पेशींत एकच, पण यकृताच्या पेशीत तिचा एक भाग चालू, मेंदूच्या पेशीत दुसरा. पुठ्ठ्यातच भोक चुकलं तर साठवलेल्या रक्तातल्या स्टेम सेलमध्येही, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींतही, तीच चूक. आणि नाळेतल्या या स्टेम सेल मुख्यतः रक्ताच्याच पेशी घडवतात. त्यांतून गुडघा, मेंदू दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांनुसार रक्ताचे वगैरे मोजके आजार सोडले तर असले उपचार फक्त चाचणी म्हणून करता येतात, तेही रुग्णाकडून पैसे न घेता.

१९८८ साली पॅरिसमध्ये नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण झालं, तेसुद्धा बहिणीचं रक्त भावाला. आमच्याकडे उलटं झालं. सख्ख्या भावंडांचं एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरची ओळखखूण, पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, आणि थोरल्या मुलाचं जुळलं. म्हणजे मी ऑफिसात फोन फिरवत होतो तेव्हा दाता घरातच सायकल खेळत होता, आणि पोरीच्या अंगात दर महिन्याच्या रक्ताबरोबर लोह साचत होतं. त्या सात महिन्यांचा राग अजून जात नाही.

मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांना विचाराच. थोरल्या लेकराला रक्ताचा आजार असेल तर साठवणं वेगळी गोष्ट. नाहीतर माझ्या मते ते पैसे बाळंतपणाला ठेवा. एचबीए२ तपासणी (आईबापात थॅलेसेमियाचा दोष आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) मात्र झाली नसेल तर करून घ्या. खरं तर ती सुरुवातीलाच करायची असते. आम्हाला दोन्ही वेळी कुणी सांगितली नाही, आम्हीही विचारली नाही. प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळते, कुणाला गरज असेल तर चौकशी करा.

आणि हो, नाळ कापायच्या आधी मिनिटभर थांबता येईल का, तेही विचारून ठेवा. ते रक्त फुकटात बाळालाच मिळतं.