तुकडा तपासला तर "काहीच आलं नाही", मग माझं दुखणं खोटं होतं का?

योनीच्या तोंडाशी सारखं दुखतं म्हणून ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणी काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला की हा प्रश्न मला विचारतात आणि विचारताना आवाज अगदी बारीक होतो. म्हणून एका केसबद्दल लिहितेय, तिला विचारून, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून. आपण तिला सुषमा म्हणू. कुडाळच्या बाजूचं गाव, काजूच्या कारखान्यात गर निवडायला बसायची, नवरा मुंबईत नोकरीला. लग्नानंतर तिला सारखं फंगल इन्फेक्शन व्हायला लागलं, त्यात आपल्याकडचा पावसाळा, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. गोळ्या घेतल्या की खाज जायची, पण नंतर एक दुखणं मागे राहिलं ते राहिलंच. खोल आत नाही, अगदी योनीच्या तोंडाशी. नुसता स्पर्श झाला तरी आग व्हायची, संबंध तर लांबच. गणपती जवळ आले की घरात सगळे खूश आणि हिच्या पोटात गोळा, कारण नवरा येणार. त्यात वर्षभर पाळणा कधी हलणार म्हणून विचारणारे. सासूने देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, सगळं झालं.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी कापसाची काडी घेऊन हळूहळू एकेका जागी टेकवून बघितलं. घड्याळाच्या पाच आणि सातच्या जागी काडी लागताच सुषमा टेबलावरून उठूनच बसली! तपासणी एवढीच असते, पण तोपर्यंत कुणी केलीच नव्हती. तीन महिन्यांहून जास्त दुखतंय, दुसरं काही कारण सापडत नाही आणि दुखणं त्या तोंडाशीच, तर त्याला वेस्टिब्युलोडायनिया म्हणतात. क्रीम झालं, बधिर करणारं जेल झालं, नसांच्या (रक्ताच्या नव्हे, संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंच्या) दुखण्यासाठी देतात त्या गोळ्या झाल्या, फिजिओ थोडा झाला आणि मग मुंबईत ऑपरेशन. यात त्या तोंडाभोवतीची दुखरी त्वचा पातळशी काढतात आणि आतलं अस्तर थोडं पुढे ओढून टाके घालतात. हे सगळ्यात शेवटी करायचं असतं, पहिल्यांदा नाही.

काढलेला भाग लॅबला गेला आणि रिपोर्ट आला, नॉन-स्पेसिफिक क्रॉनिक इन्फ्लमेशन, म्हणजे ठरावीक कारण न दिसणारी जुनी सूज, कॅन्सरचं काही नाही. नवऱ्याने व्हॉट्सॲपवर वाचलं आणि विचारलं, म्हणजे इन्फेक्शन होतं का, माझ्याकडून आलं का? सासू म्हणाली, "तुका काय एक झालेला नाय." आणि सुषमा माझ्यासमोर तो कागद घडी घालत, उलगडत, परत घडी घालत बसली आणि म्हणाली, मॅडम एवढं कापून घेतलं आणि आत काहीच नव्हतं.

मी तिला सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण रिपोर्ट हातात देताना कुणी एवढं बोलत नाही.

तुकडा तपासायला पाठवतात तो मुख्यतः दुसरं काही लपलेलं नाही ना हे बघायला. म्हणजे कॅन्सर किंवा त्याआधीची अवस्था, लायकेन स्क्लेरोसससारखा त्वचेचा आजार, ज्यात कातडी पांढरी पडते. ते नाही हे कळलं, ही चांगली बातमी आहे आणि त्या तपासणीचं काम तिथे संपलं. दुखणं किती होतं, खरं होतं का, हे त्या स्लाइडला विचारलेलंच नसतं.

मग दुखणाऱ्या नसांचं काय, त्या रिपोर्टात का नाहीत? 1998 मध्ये स्वीडनमधल्या दोन वेगवेगळ्या गटांनी अशा बायकांच्या तुकड्यांना खास रंग देऊन पाहिलं तर दुखऱ्या जागी बारीक नसांचे तंतू निरोगी बायकांपेक्षा जास्त निघाले, वरच्या थरापर्यंत घुसलेले. 2004 मध्ये इस्राएलच्या बॉर्नस्टाईन आणि सहकाऱ्यांनी नसांच्या वाढीबरोबर मास्ट सेल म्हणजे सूज आणणाऱ्या पेशीही जास्त आणि चेतलेल्या असतात असं दाखवलं. लॅबमधल्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात हे धड दिसत नाही. भर दुपारी अंगणात काजवे शोधल्यासारखं आहे ते, दिसले नाहीत म्हणून नव्हते असं कोण म्हणेल? (हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.)

आणि ती 'क्रॉनिक इन्फ्लमेशन' जी लिहिली आहे, तसल्या पेशी काहीच न दुखणाऱ्या बायकांच्या तिथल्या त्वचेतही सापडतात. म्हणजे जंतू आहेत असा त्याचा अर्थ नाही, नवऱ्याने आणलं असाही नाही, तिच्या स्वच्छतेत काही कमी पडली असं तर मुळीच नाही. आधी लोकांना एचपीव्ही या संबंधातून पसरणाऱ्या विषाणूचा संशय होता, पण पुढच्या तपासण्यांत तोही टिकला नाही. नवऱ्याला मी हेच फोनवर सांगितलं, तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, म्हणजे ती मला टाळत नव्हती. नाही हो, टाळत नव्हती, दुखत होतं तिला!

ऑपरेशन झालं म्हणजे लगेच सगळं ठीक असंही नाही, हेही स्पष्ट बोलायला हवं. इतकी वर्षं दुखेल म्हणून कमरेखालचे स्नायू आवळून धरलेले असतात, ते टाके विरघळले म्हणून आपोआप सैल होत नाहीत. कॅनडात 2001 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ऑपरेशन, स्नायूंचं बायोफीडबॅक (स्नायू किती आवळलेत ते यंत्रावर बघत सैल करायला शिकणं) आणि गटातलं समुपदेशन यांची तुलना केली होती, ऑपरेशनचा फायदा जास्त दिसला पण बाकी दोन्हींनीही बायकांना बरं वाटलं. म्हणून मी सुषमाला फिजिओ सोडू नको म्हणते. आमच्या भागात पेल्विक फ्लोअरचा, म्हणजे या कमरेखालच्या स्नायूंचा फिजिओ मिळणं कठीण, तिचा व्हिडिओ कॉलवर चालतो, घरात कुणी नसताना. सगळ्यात बारीक डायलेटर (स्नायूंना हळूहळू सवय व्हावी म्हणून योनीत घालायची गुळगुळीत कांडी) आता दुखत नाही, त्याच्या पुढचा अजून टोचतो. संबंधांची घाई नको, यंदाच्या गणपतीत नुसतं एकत्र झोपायचं असं दोघांनी आपणहून ठरवलंय.

बऱ्याच जणी पुढे विचारतात, मग तो खास रंगाचा टेस्ट परत करून घेऊ का, लॅबमध्ये ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, ठेवलेला असतो ना. असतो, आणि मागता येतो. पण नस जास्त निघाली काय आणि नाही निघाली काय, पुढची ट्रीटमेंट त्याने बदलत नाही. कुणाला पटवायला म्हणून तो खर्च करू नका, ते पैसे फिजिओला ठेवा आणि नवऱ्याला एकदा तरी डॉक्टरांकडे सोबत न्या. सासूला काय सांगायचं ते आपण बसून ठरवू, सुषमाने तर "नसेचं दुखणं होतं, ऑपरेशन झालं" एवढंच सांगितलं आणि तेवढं पुरलं.