शून्यावरची खूण

प्रश्न : आईची स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे. सिस्टरनी तिला थर्मामीटरचं चित्र असलेला कागद दिला आणि आकड्यावर खूण करायला सांगितली. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्यांना वाटतंय का?

उत्तर : छे! हा कागद ज्यानं त्यानं भरायचा असतो. आज धरून गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, एवढंच विचारलंय : ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे कमालीचा. न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. दुखणं ० ते १० मध्ये सांगायची सवय रुग्णांना होतीच, तीच मनासाठी वापरली. ‘मानसिक आजार’ वगैरे शब्द मुद्दाम टाळले, कारण तुम्हाला वाटली तीच भीती सगळ्यांना वाटते.

प्रश्न : बाबा रात्र रात्र जागे असतात, पण कागदावर शून्य!

उत्तर : खूण करताना शेजारी कोण होतं? मुलगा, सून उभे असले की आपली माणसं हमखास शून्य लिहितात. माझ्याकडे एका काकांनी असंच शून्य लिहिलं. कागद परत देताना हळूच म्हणाले, “पुढच्या खेपेला धर्मशाळेत खोली मिळेल ना हो?” आठवडाभर ते याच काळजीत होते. आकड्याशेजारी अडचणींची यादी असते (पैसा, प्रवास, घरचे, झोप, देवावरचा विश्वाससुद्धा). आकड्यापेक्षा मी तीच आधी वाचते. काकांना गोळी नव्हे, समाजसेविका हवी होती. बाबांना एकट्यानं भरू द्या.

प्रश्न : आईला भूक नाही, थकवा आहे. केमोमुळे की नैराश्य? घरात बहिणीच्या नैराश्याच्या गोळ्या आहेत, देऊ का?

उत्तर : देऊ नका. पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या नैराश्याच्या गोळ्या टॅमोक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या औषधाच्या कामात अडथळा आणतात. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या. स्टेरॉइडनंही मूड बिघडतो. चिंता आणि नैराश्य तपासणारी १४ प्रश्नांची ‘हॅड्स’ प्रश्नावली (१९८३) इथे कामी येते : तिच्यात भूक, थकवा यांबद्दल प्रश्नच नाहीत. कशातच रस उरला नाही, हसू येत नाही, असं असेल तर मात्र भेटा.

प्रश्न : माझा आकडा ७ आला. कागद फाइलला लागला, पुढे कुणी काही बोललंच नाही.

उत्तर : हा आमचा दोष. सहसा ४ किंवा जास्त आलं की कुणीतरी बसून बोलायला हवं, नाहीतर कागद भरून घेण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी फाइल उघडून ७ वर बोट ठेवा आणि विचारा, “याचं काय केलंत?” जगणं नकोसं वाटत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. घरच्यांना सांगा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.